हळदीचं पिवळं

आखाडा बाळापूर, ३ मार्च २००४
हिंगोलीला जाऊन आलो. उजव्या अंगठ्याच्या नखाला बुरशी. सहा आठवडे रोज एक गोळी, हात कोरडे ठेवायचे. नवं नख यायला पाच-सहा महिने. डॉक्टर तरुण आहे, उगाच घाबरवतो. उष्टावण जूनअखेर. नातीला पहिला घास मी भरवावा, असं माझी बायको रुख्मिणी वारण्याआधी बोलली होती. तोवर नख साफ करायचंच.

४ मार्च
सून पुनम म्हणाली, मामाजी, गोळी मी देत जाते, आत्याबाई द्यायच्या तशी. रुख्मिणीला ती आत्याबाई म्हणायची. नको म्हणालो. जन्मभर सोसायटीचा सचिव होतो, एक गोळी लक्षात राहते.

१९ मार्च
गोळीनं लिव्हरला तकलीफ होऊ शकते, हे डॉक्टरच बोलला. म्हणून एक दिवसाआड. मधल्या दिवशी घरच्या हळदीचा लेप. जखमेला चालते, मग नखाला काहून नाही? माझं ताट मीच घासतो. रुख्मिणीनंतर ते दुसऱ्या कोणी घासावं, हे मनाला पटत नाही. नंतर हात पुसतो. म्हणजे कोरडेच.

११ एप्रिल
नख पिवळं दिसतं. ती हळद. मुळाशी नवं नख दिसल्यासारखं वाटलं. गोळ्या बंद.

२७ मे
डॉक्टरनं अंगठा साबणानं धुवायला लावला. तरी नख पिवळंच. म्हणाला, काका, हळद वरणात टाका. गोळ्या किती राहिल्या? थोड्या, म्हणालो. रक्त तपासून पुन्हा पहिल्यापासून, रोज.

९ जून
गोळी जेवणानंतर घेतो. संध्याकाळी जेवायचंच राहून जातं. घर फार शांत असतं. उद्यापासून नक्की.

२७ जून, रविवार
उष्टावण झालं. मी हात पुढं केला. शेजारच्या आशाबाई म्हणाल्या, भाऊजी, ह्या हातानं भरवून राहिले व्हय? पुनमनं मला चमचा दिला. चमचा धरताना नखाचा तुकडा निघून खिरीत पडला.
दुसरी वाटी आणली. पहिला घास पुनमच्या भावानं, शिवशंकरनं भरवला. रीत तशी मामाचीच, असं सगळे मला समजावत होते.
संध्याकाळी गोळ्या पुनमच्या हवाली केल्या. रोज तू देत जा, म्हणालो.
पाणी माझं मी घेईन.