शीळ आणि रिकामी चिप

मी, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. कान थोडे गेले असले तरी डोके जागेवर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो कधीच नव्हता.

१. राहते घर मुलाला. जेवणाच्या टेबलावरचे सोल्डरिंगचे डाग त्याने घासून काढू नयेत. त्याचा गृहपाठ आणि माझी सर्किटे तिथेच झाली.

२. कॅसेटवर चालणारा जुना कॉम्प्युटर सुनेला. गेम सुरू व्हायला अकरा मिनिटे लागतात. "आई, हा सुरू होतोय की उकळतोय?" असे विचारायची, पण शेजारी बसून राहायची. ते मी विसरलेले नाही.

३. सुट्या भागांच्या दुकानदाराने मला तीस वर्षे ऐकवले, "बाई, साहेबांना पाठवा, त्यांना कळेल." साहेबांना, म्हणजे आमच्या ह्यांना, फ्यूजसुद्धा बदलता येत नव्हता. दुकानदाराला वीज मोजायचा माझा बंद मल्टिमीटर द्यावा. नवा म्हणून त्यानेच गळ्यात मारला होता.

४. सुटकेसमध्ये बसवलेला, मी घरी बनवलेला सिंथेसायझर धाकट्या बहिणीला. तिच्याशी मी चौदा वर्षे बोललेले नाही.

आमचे हे घरी येताना जिन्यातून शीळ घालायचे. सहा सूर, शेवटचा कायम घसरलेला. ती मी तशीच, घसरलेल्या सुरासकट, या सिंथेसायझरच्या एका चिपमध्ये भरली. हे गेल्यावर तेवढीच उरली. अशा चिपला काचेची बारीक खिडकी असते. तिच्यावरची चिकटपट्टी निघाली आणि काही दिवस ऊन लागले की आतले सगळे पुसले जाते. एके दिवशी शीळ वाजेना. पाहते तर पट्टी नाही. धाकटीला साफसफाईचा सोस, म्हणून तिच्यावर खापर फोडले. "ताई, मी हातसुद्धा नाही गं लावला," ती रडत सांगत होती. मी तिला दार दाखवले.

गेल्या महिन्यात जुन्या वहीत माझ्याच अक्षरात सापडले: 'पट्टी मळली, काढली. नवी लावणे.' ती लावायची राहिली आणि चिप मीच घराच्या खिडकीत, उन्हात विसरले. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, हा एक मला जोडता आला नाही. लाज वाटते.

धाकटे, चूक माझी होती. पाच सूर मला आठवतात. सहावा नेमका किती घसरायचा, ते आठवत नाही. तू ह्यांना त्यावरूनच चिडवायचीस, तुला आठवत असेल.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. या कलमापुरते तसे करू नये. मुलाने याची प्रत आजच मावशीला नेऊन द्यावी. चिप रिकामी आहे, पट्टी आणून ठेवली आहे, आणि मला अजून थोडे ऐकू येते.

साक्षीदार:
डॉक्टर (सही)
खालचे शिंपीकाका (सही, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून नुसते आभार)

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: ५ फेब्रुवारी
सही: ताई