तासाला वीस मिनिटं जास्त

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खराखुरा घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून कागदावरच घालतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कुरकुरत असतील तर तेल लाव. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर माझा तेलावर फार विश्वास बसलाय. इकडे सगळं ठीक. मुलगा आणि सूनबाई कामानिमित्त तीन महिने परगावी आहेत, त्यामुळे भिंगरीचा पालक सध्या मी. म्हणजे कागदोपत्री. घरात कोण कुणाला सांभाळतंय ते विचारू नकोस.

ही आपली नात तुला माहीतच आहे. तोंडाचा पट्टा असा, की वकिलाने येऊन शिकवणी लावावी. पण पुस्तक उघडलं की मुकी. अक्षरं म्हणे जागेवर थांबत नाहीत, या ओळीवरून त्या ओळीवर उड्या मारतात. विचारलं तर सगळं येतं, पण प्रत्येक पेपरात शेवटचे दोन प्रश्न कोरे. यंदा तिने जाहीरच केलं, की पुढच्या वर्षापासून शाळा बंद, मी दुकानात बसते. मी दुकानाची किल्लीच लपवून ठेवली. (का, ते तुला सांगायला नको.)

तेवढ्यात शाळेकडून फॉर्म आला. हिला परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त द्यावीत, वेगळ्या खोलीत बसवावं, प्रश्न वाचून दाखवावेत. पालकांनी सही करावी. ताई, माझं डोकंच फिरलं. ज्याने जन्मभर लोकांची मागे पडलेली मिनिटं जागेवर आणली, त्याच्या नातीला ऐंशी मिनिटांचा तास? राव असो की रंक, तास साठ मिनिटांचाच, असं लांबलचक व्याख्यान दिलं. भिंगरीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग आजोबा, तुम्ही गिऱ्हाइकाला ‘गुरुवारी या’ सांगता आणि घड्याळ तिसऱ्या गुरुवारी देता, ते गुरुवार कुठल्या घड्याळातले?” (कार्टी माझ्या वळणावर गेलीय असं सूनबाई म्हणते. मला तुझ्या वाटते.)

तर मी तिरीमिरीत फॉर्म परत करायला शाळेत गेलो. तिथे या मुलांसाठी एक वेगळ्या बाई आहेत. त्यांच्या खोलीत सराव परीक्षा चालू होती, म्हणून त्यांनी मला कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. (गुडघे कानाला लागले.) पाचच मुलं. एक उभ्याउभ्या लिहीत होता. एकाच्या कानांवर हेडफोनसारखी जाड झाकणं होती. त्याला मी मनात शांतोबा म्हटलं. भिंगरीच्या हातात काळ्या पुठ्ठ्याची पट्टी, मधे एकाच ओळीएवढी खाच. बाई तिच्या शेजारी बसून हळू आवाजात प्रश्न वाचत होत्या. सगळं छान होतं, पण भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर मेलेलं! आता वैद्यासमोर रोगी पडलाय आणि वैद्याने छताकडे बघत बसायचं, हे कसं जमावं? बाई पुरवण्या आणायला बाहेर गेल्या मात्र, मी स्टुलावर. मागचं झाकण उघडलं, तर आत सेलच नाही. माझ्या खिशात सेल नाही असं कधी झालंय? घातला, वेळ लावली, चालू! अकराला अर्धं मिनिट कमी होतं.

पुढचं लिहायला लाज वाटते. आधी टिकटिक, मग अकरा टोल, असे की देवळातली घंटा बरी. शांतोबा टेबलाखाली. उभ्याने लिहिणारा खोलीभर फिरायला लागला. भिंगरीची पट्टी खाली पडली, ओळ हरवली, आणि तिने पेन ठेवून दिलं. मी स्टुलावर उभा, हातात पेचकस, चोर सापडावा तसा.

बाई धावत आल्या. ओरडल्या नाहीत, ताई. सेल काढला, शांतोबाजवळ जमिनीवर बसून राहिल्या, मग मला म्हणाल्या, की आजोबा, तो सेल मीच काढून ठेवला होता. मुलांची दहा मिनिटं गेली होती, ती त्यांनी सगळ्यांना परत दिली. मग माझ्यापुढे वाळूचं घड्याळ ठेवून म्हणाल्या, “ही वाळू खाली येईपर्यंत तुम्ही हात मांडीवर ठेवायचे हं.”

ठेवले. आणि वाळू बघता बघता उजेड पडला. माझ्या टोलांनी त्या पोरांचं जे केलं, तेच अक्षरं भिंगरीचं रोज करतात, ओळीओळीला. तिचा तास साठ मिनिटांचा कधी नव्हताच. वीस मिनिटं कुणी तिला बक्षीस देत नव्हतं. गेलेली परत देत होतं. शेजारी एक जास्तीची पट्टी पडली होती, ती फॉर्मवर ठेवून बघितली. ओळ हलली नाही, ताई. डोळ्यांत पाणी आलं. (वाळू गेली असावी. काचेतली.)

भिंगरी म्हणाली, “झालं.” शेवटचा प्रश्नसुद्धा. वर चार मिनिटं शिल्लक! मी तिथेच सही केली. घरी येताना म्हणाली, दुकानात बसायचं पुढे बघू. मी ते घड्याळ घरी आणून टोल काढले, आवाज न करणारं यंत्र बसवलं, परत नेऊन लावलं. शांतोबाने त्याला पूर्ण एक मिनिट कान लावला, मग कानांवरची झाकणं काढून दप्तरात टाकली. असली पावती मला चाळीस वर्षांत कुणी दिली नव्हती. बाईंचे उपकार कसे फेडू कळत नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. फॉर्ममध्ये एक रकाना होता: घरात आणखी कुणाला वाचायला असा त्रास होता का? मी ‘नाही’ लिहिलं. घरात सगळ्यांना वाटतं, मी घड्याळांच्या वेडापायी शाळा सोडली. मास्तर मला काय म्हणायचे आणि तू ओळीखाली बोट धरून माझे धडे कसे वाचून दाखवायचीस, ते आपल्या दोघांनाच ठाऊक. तेव्हा जास्तीची मिनिटं तूच दिलीस, आणि मी एकदाही आभार मानले नाहीत. आज मानतो. आता एक कर. भिंगरीला पत्र लिहून ते सगळं सांग. मी सांगायला जातो आणि तोंडातून भलतंच व्याख्यान येतं. रकाना मी बाईंकडे जाऊन दुरुस्त करीन.

ता. क. २ अक्षर मोठं काढ, ओळींत जागा सोड. पत्र आम्ही दोघं मिळून वाचू. पट्ट्या दोन आहेत. (दुसरी मी बाईंकडून ‘एका नातेवाइकासाठी’ म्हणून मागून आणली.)

ता. क. ३ तुझं गजराचं घड्याळ गुरुवारी देतो म्हणालो होतो. अजून उघडलेलंही नाही. हे पत्र लिहायलाच नऊ दिवस गेले. मलाही तासाला वीस मिनिटं धर.