चेंडू लागल्यापासूनची वंदना

सोम. ३ फेब्रु.
करुणाला लॅक्रॉसमध्ये, त्या जाळीच्या काठीच्या खेळात, चेंडू लागला. कानाच्या वर. रबराचा म्हणतात, हातात घेतला तर दगड. खेळाच्या सरांना विचारलं, डोक्याला काही का नव्हतं? म्हणाले, मुलींच्यात हेल्मेट फक्त गोलकीपरला, बाकीच्यांना डोळ्यांपुरता चष्मा. नियमच तसा. भाजी-दुधाचा हिशोब मागच्या पानावर.

मंगळ. ४
सकाळच्या बुद्धवंदनेत करुणा दुतियम्पि, म्हणजे दुसऱ्यांदा शरण, म्हणाली, मग तिसऱ्यांदाच्या ततियम्पिच्या जागी परत दुतियम्पि. बोलायला लागली तेव्हापासून म्हणते ती. मी थांबले, तर "आई, म्हण ना पुढे." तिला कळलंच नव्हतं.

बुध. ५
धामणकर नाक्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला हिसका बसलाय, पूर्ण बरं होईपर्यंत खेळ बंद. त्याआधी दुसरा मार बसला तर... "ताई, समजून घ्या."
रविवारी राज्याच्या टीमची निवड. हे म्हणाले, माझं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, पोरीला खेळाडूंच्या कोट्यात नोकरी लागेल, तू आडवी येऊ नको. करुणा म्हणते दुखत नाही. उजेड नको म्हणून ओढणी तोंडावर घेऊन पडते, आणि दुखत नाही.
वैतागून तिला बोलून गेले, वंदना बिनचूक म्हणशील तेव्हा निवडीचं बघू.

शुक्र. ७
पंचशीलातली चार शीलं झाली, पाचवं तिला आठवेना. हे म्हणाले, "विहारातली परीक्षा घेतेस का पोरीची?"

शनि. ८
पहाटे पाणी भरायला उठले. मोरीत पुटपुटणं. करुणा मोबाईलवर डोळे बारीक करून वंदना पाठ करत होती, शाळेतल्या कवितेसारखी. मला बघून मोबाईल ओढणीखाली. मी हंडा नळाखाली लावला. का नाही बोलले...
वंदनेत एक चूक नाही. हे म्हणाले, "झालं समाधान?"

रवि. ९
आजही बिनचूक. खोटं न बोलण्याचं चौथं शील तर अगदी ठणठणीत. तिच्या डोक्यात काय चाललंय ते कळायची तेवढी एक जागा होती, ती मीच घालवली. बुद्धांपुढे बसले, मन लागेना. कुणाला विचारू?
हे खाली रिक्षा थांबवून उभे. तिची जाळीची काठी माझ्या मांडीवर. ती बूट घालून दारात, उन्हाकडे पाठ करून.
"आई, हिशोब नंतर लिही. काठी दे."