उघड्या कुलपाचं चित्र

वैनी, चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवली, कारण तिथं दादा कधीच हात घालत न्हाई.

मी नर्सिंगच्या ॲडमिशनला हिंगोलीला चालले. माझा फोन मुद्दाम चार्जिंगला लावलाय, बंद करू नका. म्हंजे दादाला त्याच्या मोबाइलच्या दुकानात बसून मी घरीच दिसन.

फोन चालू करताना उघड्या कुलपाचं चित्र येतं ना, ती कंपनीची जाहिरात हाय म्हनून दादानं मला येड्यात काढलं. मला फोन द्यायच्या आधी त्यानं बूटलोडरचं, म्हंजे फोन सुरू करनाऱ्या आतल्या प्रोग्रामचं, लॉक खोलून आत पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर घातलंय, म्हनून ते चित्र येतं. रिसेट मारलं तरी ते जात न्हाई, आन् लॉक तसंच परत लावलं तर फोन चालूच होत न्हाई. दोन्हीकडून कोंडलंय मला.

तुमी कुनाला न सांगता डोंगरकडा गावाला बहिनीकडं गेल्या, तवा दादा बराबर तिथंच कसा आला? तुमचा फोन बी त्यानंच दिलाय. एकदा बंद करून चालू करा. कुलूप उघडं दिसलं, तर तो बी माझ्या फोनशेजारी चार्जिंगला लावा, आन् मग चपला घाला.

प्रणाली