उलटा पीळ

पोलादपूर,
६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय दत्ताकाका,

सप्रेम जय भीम. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. ललिताकाकूचे गुडघे कसे आहेत? तुमच्या वाडीत रेंज यायची चिन्हं नाहीत, आणि आली तरी तुम्ही फोन कानाला लावणार नाही. तेव्हा हे पत्र नेहमीसारखं शिवथरच्या एसटीवाल्याच्या हाती देते आहे.

मुख्य बातमी पप्पांच्या मोटारसायकलची. आरोग्यसेविका म्हणून इथे बदली झाल्यापासून मी त्याच गाडीवर वाड्या फिरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली आंबेनळी घाटाच्या वळणांवर रेस सोडली की ती बंद पडायची. मागे तुम्ही सांगितलं होतं की कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू जरा आत पिळ, म्हणजे पेट्रोल वाढेल. तसं केलं. उलट जास्तच बंद पडू लागली. म्हणून बाजारपेठेत चंदूच्या गॅरेजला नेली. तुमच्या हाताखाली शिकलेला, म्हणून विश्वासाने नेली हो!

त्याने तोच स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवला. तुमच्या बरोबर उलट! मला शंका आली. तुम्ही माझ्याकडून मूळ कार्बोरेटरच्या अंगावरचा नंबर पाठ करून घेतला होता. वाकून बघितलं तर नंबर भलताच. कार्बोरेटरच वेगळा. चोकच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली, तीही उलट्या पिळाची, कुणी घाईत उरकल्यासारखी. गाडी दोन दिवस त्याच्याकडे होती, काका. दुसरं कोण काढून घेणार?

समोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी होती. मी सगळ्यांदेखत सांगितलं की याने माझ्या वडिलांच्या गाडीचा चांगला माल काढून भंगार बसवलं. चोर हा शब्दही वापरला. तो एवढंच म्हणाला की ताई, काकांना विचारा. चोरी करून वर तुमचं नाव घेतो, म्हणून मी आणखीनच भडकले. स्क्रू पुन्हा आत पिळला आणि निघून आले.

तुम्ही त्याला चार शब्द लिहा. तुम्ही लिहिलेत तर त्याला लागतील. काकूला जय भीम. पुतणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
राजश्री

*

शिवथर,
१० नोव्हेंबर

चि. राजश्रीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. काकूने वाचून दाखवलं, मग मी पुन्हा वाचलं, आणि तारेपाशी येऊन थांबलो.

बेटा, मी डावखुरा आहे. माझ्या हातची तार उलटीच गुंडाळली जाते. महाडच्या एसटी डेपोत पोरं हसायची त्यावरून.

मागच्या पडवीत जाऊन डबे उघडले. एका डब्यात तुझ्या पप्पांच्या गाडीचा मूळ कार्बोरेटर निघाला. तोच नंबर. आत गाळ वाळून दगड झालेला. सावित्रीचा गाळ. एकवीस सालच्या पुरात महाडला गाडी बुडाली होती, तू तेव्हा पनवेलला शिकत होतीस. नागसेनदादाने, तुझ्या पप्पांनी, गाडी इकडे आणली आणि मी दुसऱ्या जातीचा कार्बोरेटर बसवून दिला. आत्ता डबा हातात घेतल्यावर हे आठवलं. त्याआधी नव्हतं आठवत. तुझ्याकडून नंबर पाठ करून घेतला तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की गाडीवर मूळचाच आहे.

चंदूने केलं ते बरोबर होतं. मूळ कार्बोरेटरचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो आत गेला की हवा कमी होते आणि पेट्रोल वाढतं. मी जो बसवला त्याचा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे. तो पेट्रोलचा स्क्रू. आत पिळला की पेट्रोलच कमी होतं. म्हणून गाडी तुझ्या हातून जास्त बंद पडली. बारकाईने बघ, कुठल्या बाजूला आहे ते.

हल्ली असं होतं. शेजाऱ्याचं नाव ओठावर येऊन परत जातं. काकू भाजीत मीठ घालते आणि मीही घालतो. मी कोणाला सांगितलं नाही. ज्या माणसाच्या हाताची सगळा डेपो शपथ घ्यायचा, त्याने हे सांगायचं कसं? माझ्या या विसराळूपणाने एका सरळ माणसाला चोर ठरवलं. दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही.

तू जा आणि त्याला सांग. उशीर करू नको. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, माझ्यावरचा राहील का ते तू ठरव.

तुझा,
दत्ताकाका

*

पोलादपूर,
१५ नोव्हेंबर

आदरणीय काका,

सप्रेम जय भीम. वि. वि. पत्र वाचून आधी गाडीपाशी जाऊन वाकून बघितलं. स्क्रू इंजिनच्याच बाजूला आहे. इतका समोर, की आंधळ्यालाही दिसावा.

तुमच्यावर मी रागावू कशी? तुम्ही विसरलात. ओरडले ते मी. कोणी सांगितलं नव्हतं ओरडायला.

आणि आता पुढचं ऐका. चंदूच्या गॅरेजसमोरून काल दोनदा गेले, थांबले नाही. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाडीचं काम त्याच्याकडे होतं, ते मालकाने दुसरीकडे दिलं म्हणे. त्याची मुलगी श्रुतिका लसीकरणाच्या दिवशी भावाला घेऊन केंद्रात आली होती. बाळाचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याशी बोलायला गेले तर म्हणाली की सुई लवकर टोचा, आई बाहेर उभी आहे. आई आत आलीच नाही, काका. मी असल्यामुळे.

माझ्या मनात आलं ते लिहिते, लाज वाटते तरी. चंदूला एकट्याला गाठून सांगावं की गैरसमज झाला. बस. कार्बोरेटर कोणी बदलला, का आठवलं नाही, याची वाच्यता नको. नाहीतर उद्या महाडपर्यंत बोभाटा होईल की दत्ताराम मिस्त्रीचं डोकं चालत नाही. पप्पा असते तर त्यांनीही तुमची अब्रू आधी जपली असती. तुम्ही हो म्हणा, मी तसं करते.

काकूला सांभाळा, आणि तिला तुम्हाला सांभाळू द्या.

तुमची,
राजश्री

*

शिवथर,
२० नोव्हेंबर

चि. राजश्रीस,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच सकाळी मी उठून निघालो. म्हटलं आपणच पोलादपूरला जावं आणि टपरीवर उभं राहून सांगावं. काकू नको म्हणत होती. ऐकलं नाही.

महाडला उतरलो. तिथून पोलादपूरची गाडी धरायची होती. पुढचं मला नीट सांगता येत नाही. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो आणि कशासाठी आलो ते कळत नव्हतं. ज्या गावात जन्म काढला, दर मार्चला ज्या तळ्यावर पाणी वाटायला उभा राहिलो, तिथे बसून मी माझ्याच हातांकडे बघत होतो. डेपोतल्या किशोरने ओळखलं. त्याने चहा पाजला आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. गाडीत बसल्यावर चंदू आठवला. तेव्हा रडू आलं. शेजारची बाई विचारत होती की बाबा, कोणी गेलं का.

म्हणून आता माझ्याच्याने येणं होणार नाही. तुलाच बोलायचंय. आणि अर्धं नाही. माझी लाज झाकायला चंदूच्या अंगावरचं कापड ओढू नको. तू ओरडलीस चारचौघांत, तर सांगायचंही चारचौघांत. माझं नाव घे. विसरलो, असं सांग. दादाने अब्रू जपली असती असं तू लिहितेस. दादाने मला दारातून ढकलून त्याच्या गॅरेजला पाठवलं असतं.

मूळ कार्बोरेटर काकूने रॉकेलमध्ये भिजवून साफ केलाय. मी शेजारी बसून सांगत होतो. या पत्राबरोबर पाठवतोय, तो चंदूकडे दे. तपासून जोडणं मला जमेना.

तुझा,
दत्ताकाका

*

पोलादपूर,
२७ नोव्हेंबर

आदरणीय काका,

सप्रेम जय भीम. वि. वि. सांगितलं.

बाजाराच्या दिवशी गेले, मुद्दाम, टपरी भरलेली असताना. घरून वाक्यं जुळवून नेली होती. तोंडातून पहिला शब्द गैरसमज असा निघाला आणि चंदूने मान खाली घालून पान्याने नट आवळायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की हा शब्द चालायचा नाही. मग मी मोठ्याने म्हणाले की मी यांना चोर म्हटलं, ते खोटं होतं, मी खात्री न करता बोलले. एकाने विचारलं की मग बदलला कोणी? तुमचं नाव घेतलं. पुरानंतर काकांनी बदलला होता आणि आता त्यांना आठवत नाही, असं सांगितलं. कोणी हसलं नाही, काका. शाळेच्या गाडीचा मालक तिथेच होता, त्याने ग्लास खाली ठेवला आणि उठून गेला. त्याचं काय ते मला कळलं नाही.

चंदूने हात पुसले. मग म्हणाला की ताई, तुम्ही आलात ते बरं केलंत, पण त्या दिवशी पोरगी आत बसली होती, तिला मी काय सांगू? मी विचारलं की मी तिच्याशी बोलू का. तो म्हणाला, बोला, पण ती ऐकेल तेव्हा.

श्रुतिका अजून बोललेली नाही. तिच्या घरी मी गेले होते, तिच्या आईने पाणी दिलं. कार्बोरेटर चंदूकडे दिलाय. तुम्हाला तो स्वतः लिहिणार आहे.

७ डिसेंबरच्या रविवारी मी येते. महाडच्या डॉक्टरांकडे आपण जाऊ. नाही म्हणू नका, मीही आता तुमच्यासारखीच हट्टी झाले आहे.

तुमचीच,
राजश्री

*

पोलादपूर,
२ डिसेंबर

ती. दत्ताकाकांस,

चंदूचा सा. नमस्कार. वि. वि. अक्षर वाईट हाय, सांभाळून घ्या.

तुमचा जुना कार्बोरेटर ताईंच्या गाडीला बसवला. काकूंनी झकास साफ केलाय, नुसतं एक जेट, पेट्रोलचं बारीक भोक, फुंकावं लागलं. ताईंना समोर बसवून सांगितलं की आदी कार्बोरेटर कुठला ता बघायचा, स्क्रू कुठल्या अंगाला ता बघायचा, मंग पाना उचलायचा. इंजिन गरम करून त्यांच्याच हातानं स्क्रू फिरवायला लावला. हळूहळू, कान देऊन. आवाज एकसारखा झाला तवा त्यांना कळलं. गाडी आता आंबेनळी चढते, वळनावर बंद पडत नाय.

खोटं कशाला बोलू, राग गेलेला नाय. शाळेची गाडी परत आली, पन बायकोचा जीव अजून घाबरतो. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं म्हनून मी बाजारात मान वर करून फिरतो, एवढं खरं. बाकीचं जाईल तवा जाईल.

तार बघितली तवाच मी ओळखलं होतं तुमचं काम. तरी त्या दिवशी जास्त बोललो नाय. दिवाळीत तुम्ही आलात तवा मला दोनदा किशोर म्हनालात. तवाच मला शंका आली होती. चारचौघांत तुमचं नाव मी कसा काढू? ज्या हातानं मला पाना धरायला शिकवला त्याच्यावर बोट कसा ठेवू?

काका, एक मागतो. रविवारी ताई तुमाला आननार हाय, डॉक्टर झाला की पुढं हिकडं या. गॅरेजात खुर्ची टाकतो. तुमी नुसतं बसा, गाडीवर हात ठेवा, स्लो लागला का नाय, मंद आवाज एकसारखा चालतो का, ते सांगा. तुमच्या हाताला अजून कळतं, ता मला ठाऊक हाय. लाजू नका. माझं नाव नाय आठवलं तर नुसतं रे म्हना. मी वळून बघन.

काकूंना नमस्कार. आठवन असो नसो, लोभ असू द्या.

तुमचा,
चंदू