गाडी सुटली की उचल

४ मे
नांदेडहून आत्ता आलो. अख्खा दिवस गेला. दादाच्या खुर्चीतली जुनी गादी पार पोळी झाली होती. जीप पलटी झाली तवापासून त्याला कमरेखालचं काही कळत न्हाई, रुतलेलं बी कळत न्हाई, म्हणून गादीचं एवढं. तिथल्या दवाखान्यातल्या बाईनं तीन-चार गाद्यांवर बसवून पाह्यलं. फोमची, जेलची, हवेची. दादानं काय करावं, हरेक गादीला अंगठा दाबून पाह्यला. टायरला दाबतेत तसा. सारी उमर जीपवर गेली.
"ही ढिली हाय बाई. हवा भरा हिच्यात."
"भाऊ, हे टायर नाही. ढिली आहे म्हणूनच चांगली. तुम्हाला आत घेते ती."
हवेचीच घेतली. दादा बसला, बाईनं मला हात घालायला लावला. अंग आन गादी यांच्या मधी. बसायचं हाड सापडलं की हवा सोडत जायची, बोटं जेमतेम हलतील इथवर. हाडाखाली बोटभर हवा राह्यली पाहिजे. जास्त भरली तर दगडावर बसल्यासारखं, कमी भरली तर हाड तळाला टेकते. दादा भिंतीकडं पाहत होता. मी बी.
बाई म्हणे, आपण बसल्या बसल्या नकळत हलत असतो, म्हणून आपल्याला जखम होत न्हाई. मी स्टुलावर डुलत होतो. "ह्यांच्यासारखं," म्हणली.
बाहेर आल्यावर दादा हसला. "गज्या, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या चुळबुळीची कोणी तारीफ केली."

६ मे
मायनं नव्या गादीवर वाकळ घातली. दोन पदरी. जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली. मी काढली. तिनं परत घातली.
"मऊवर मऊ घातलं तर काहून बिघडलं?"
बिघडतेच. वाकळ ताणून बसते, खालच्या हवेला अंगापतूर येऊच देत न्हाई. टाक्यांच्या गाठी वेगळ्याच रुततेत. बाईनं बजावून सांगितलं होतं, गादीच्या खोळीवर काही टाकायचं न्हाई. माय रुसली. "लेकराच्या अंगाखाली काय घालावं ते आता नांदेडची सांगन मला."
शेवटी वाकळ दादाच्या पाठीमागं, खुर्चीच्या पाठीवर. तिथं चालते. माय दोनदा येऊन पाहून गेली, सरकली तर न्हाई.
मी कामाला असतो त्या बोअरच्या गाडीवरून सेल्वमचा फोन. मशीन सध्या लातूरकडं. ये म्हणतो. चार दिवसासाठी आलो होतो, ते चार दिवस कोणते काय माहीत.

९ मे
दर अर्ध्या तासाला हातावर जोर देऊन अंग उचलायचं, जरा वेळ वर धरायचं, असं बाईनं सांगितलं. दादा घड्याळाकडं पाहील तर शप्पथ. तो सेनगावच्या जीप स्टँडवर नंबर लावतो. कोणाची गाडी आधी, कोणाची मागून, किती शिटा भरल्या. गाडी भरली की सोडतो. त्याचा टाइम म्हणजे गाडी.
तर मी म्हणलं, गाडी सुटली की उचल.
जमलं! हिंगोलीची सुटली, दादा उचलला. रिसोडची सुटली, उचलला. मुसाचाचाचं पंक्चरचं दुकान समोरच. तिथून त्यांनी आवाज दिला, "उठा रे उठा, साहब सलामी दे रहे!" आता सगळेच ओरडून राहिले. चहावाला, ड्रायव्हर, एक म्हातारी बी. गाडी हलली की "उचऽऽल दादा!" दादा शिव्या देतो आन उचलतो.
मी पाच मिनिटं थांबणार होतो, दुपार झाली.

१३ मे
सकाळी गादी तपासायची ती राह्यली. शिरड शहापूरकडं एकाच्या शेतात हळदीचं पॉलिश चालू होतं. ड्रम फिरून राहिला, पिवळी धूळ आभाळापतूर. पाहायला थांबलो, मग हँडल धरायला लावलं, मग जेवायला. घरी आलो तर दादा म्हणे, "कोणाची नवरी पळवून आणली का? हळद लागून आला."
संध्याकाळी हात घातला. गादी कडक. बोट हलंना. हवा सोडली. वाल्व्हची गोम असन.

१५ मे
परत तेच. सकाळी सोडतो, संध्याकाळी टणक. वाल्व्ह खराब असता तर हवा कमी झाली असती, वाढते कशी? उन्हानं फुगत असन म्हणून खुर्ची टपरीच्या सावलीत लावायला सांगितली. ऊन तर असं पडून राहिलंय, डांबर चपलेला चिकटते.
सकाळी आरसा धरून दादानं स्वतःचं कातडं पाहायचं, हे बी ठरलं होतं. जुन्या जीपचा साइडचा आरसा आहे घरात, तोच दिला. पाहत न्हाई. "मागचं काय पाहायचं? मागं पाहायचं ते रिव्हर्स घेताना." मग मीच पाहतो. सध्या बरं आहे.

१६ मे
सापडलं! दुपारी स्टँडवर न सांगता गेलो. मुसाचाचा पायपंप घेऊन खुर्चीपाशी बसलेले. दादा अंगठा दाबून, "आणखी थोडी."
मी ओरडलोच. चाचा गडबडले. "अरे उसने बोला भर, तो मैं भर दिया! हवा के वास्ते कभी किसी को ना बोला क्या मैं?"
 दादानं खुर्ची फिरवून एक गाडी सोडली, त्या गाडीला उचलला बी न्हाई.
मग घरी येताना, मी ढकलत होतो, माझं तोंड दिसत न्हाई म्हणून असन, बोलला. "ढिली झाली की मी खाली जातो गज्या. डुलतो. पॅसेंजर माझ्या डोक्यावरून एकमेकाशी बोलते. नवा ड्रायव्हर मला इच्यारतच न्हाई, पाहून परस्पर नंबर लावतो. टणक असली की मी वर दिसतो."
 मला वाटलं होतं अडाणीपणा करून राहिला.

१८ मे
बाईला फोन केला. रागावन वाटलं, तर म्हणली, "बरं झालं सांगितलं. खुर्चीचं कापड झोळीसारखं लोंबलंय का पाहा."
लोंबलंय. कापडाची झोळी, म्हणून गादी मधात घसरते, दादा बी. सुताराकडून प्लायची फळी कापून घेतली, कोपरे गोल, गादीच्या मापाची. ती कापडावर, तिच्यावर गादी. दादा बोटभर का होईना वर आला, आन डुलणं बंद.
पाय ठेवायच्या पट्ट्या बी वर होत्या. गुडघे वर उचललेले राहत, सगळं वजन मागच्या हाडावर. चाचांनी पाना आणला, आपणहून. एक बोल्ट गंजलेला, त्याला डिझेल, शिव्या, परत डिझेल. पट्ट्या खाली घेतल्या. आता मांड्या गादीला टेकतेत, वजन वाटून जाते. परत हात घालून हवा पाह्यली. बोट जेमतेम हलते. बराबर.
चाचा दूर जाऊन पाहून आले. "अब लगता है साहब."
दादानं मान ताठ केली. "ए रिसोड! पुढं घे गाडी!"

२० मे
उद्या-परवा लग्नाच्या तिथी मोठ्या. सगळ्या गाड्या वऱ्हाडाला लागल्या. एक ड्रायव्हर कमी पडून राहिला, डोंगरकड्याचं वऱ्हाड आहे, म्हणून मला म्हणले चल. गाडी हातात! दादाच म्हणला, जा, डीजे ऐकून ये. उद्या रात्रीपतूर परत.

२३ मे
आज आलो. तिथून नवरीकडच्यांनी आणखी एक फेरी दिली, मग गाडी गरम झाली, मग... असो.
दादाच्या डाव्या हाडावर डाग.
बोटानं दाबलं तर पांढरं व्हायला पाहिजे, बोट काढलं की परत भरलं पाहिजे. न्हाई झालं. आपल्या सावळ्या अंगावर लाल नीट दिसत बी न्हाई. बाई म्हणल्या होत्या, उलटा हात लावा, शेजारच्या कातड्यापेक्षा गरम आहे का, कडक आहे का. गरम आहे.
हवा तपासली. हवा बराबर. फळी बराबर. मग काहून?
चहावाल्यानं सांगितलं. तिथीचे दोन्ही दिवस स्टँडवर एकच गाडी. सगळ्या वऱ्हाडात. ती एक बी भरंना. दादा सकाळपासून दिवस मावळेपतूर बसून, गाडी भरायची वाट पाहत. गाडी सुटली न्हाई, म्हणून तो उचलला न्हाई. कोणी ओरडलं बी न्हाई.
माझीच युक्ती. गाडी सुटली की उचल. गाडी सुटलीच न्हाई तर काय, हे मला सुचलं न्हाई, त्याला बी न्हाई. आरसा खिळ्यालाच टांगलेला. धूळ तशीच.

२४ मे
बाई फोनवर: खुर्ची बंद. बसायचंच न्हाई, डाग जाईपतूर. पालथं किंवा कुशीवर. कातडं फुटलं तर घरी काही लावत बसू नका, सरळ दवाखाना. फुटलं तर महिनेच्या महिने जातात.
माय हळदीचा लेप करून उभी. हात धरून थांबवली.
दादा बाजेवर पालथा, खाली जाड गादी. उशीत तोंड घालून एकच इच्यारतो. "नंबर कोण लावून राहिलं?"
नवा ड्रायव्हर लावून राहिला. मी सांगितलं न्हाई. त्याला कळलंच. "एकदा ती जागा गेली का गेली."
म्हणून मी गेलो स्टँडवर. खुर्ची बी नेली, रिकामी, दादाच्या जागेवर ठेवली. तिच्यात कोणाला बसू दिलं न्हाई.

२६ मे
हे काम माझ्याच्यानं होत न्हाई. एका जागी उभं राहायचं, शिटा मोजायच्या, भांडणं. दोनदा नंबर चुकवला. दादा फोनवरून पालथ्या पालथ्या चालवून राहिला. "आता रिसोडची नको सोडू, आधी हिंगोली! डोळे कुठं हायेत?" डोळे रोडवर. एक ट्रक गेला राजस्थानचा, मागं उंट रंगवलेला.
एक झालं. आमचं घर रोडलगतच. मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं, घरापुढून जाताना हॉर्न मारा. हॉर्न वाजला की दादानं कूस बदलायची. माय म्हणते, दिवसभर पों पों, पण बदलतो. नव्या ड्रायव्हरनं तर दोनदा मारला.
दादाला म्हणलं, आन ज्या दिवशी गाड्या नसतीन?
त्यानं उशी सरकवली. मग म्हणला, "मला अंगात ती खाजच न्हाई रे गज्या. तू झोपेत बी लोळतो. मला कोणी तरी हाक मारल्याबिगर हलावंच वाटत न्हाई."
सेल्वमचा फोन. मशीन परवा इकडून निघणार, पाऊस पडायच्या आत शेवटचा दौरा. घरासमोरूनच जातो म्हणाला. तयार राह.

२८ मे
पिशवी भरली. रिकामी केली. परत भरली.
सकाळी दाबून पाह्यलं. कडेनं पांढरं झालं, मधात न्हाई. गरम कालच्यापेक्षा कमी वाटते. की माझेच हात गरम? मायला हात लावायला सांगितला. "मला काय कळतंय बाबा, चुलीनं मेले हे हात. मला सगळंच गार." मग तिनं त्याच्या पाठीवर तसाच हात ठेवला, काढला न्हाई.
दादा म्हणे, "जा की. मी कोणाला धरून न्हाई ठिवलं."
"आन हात कोण घालील गादीत?"
"चाचाला शिकव. त्याला हवेचं कळते."
चाचांना काल बोलावून दाखवलं होतं खरं, त्यांनाच गादीवर बसवून. ते लाजून लाल. "हाँ हाँ, मालूम हुआ, निकाल हाथ." शिकले की सुटका करून घेतली, कळत न्हाई.
आरसा पुसला. बाजेच्या खुराला दोरीनं बांधला, दादाच्या हाताला येईल असा. तो म्हणला, फाशी बांधून राहिला का.
आता रिकाम्या खुर्चीत बसून लिहितोय, फळी काढून ठेवली, गादीवर न्हाई बसलो, नुसत्या झोळीत. एवढ्यात किती वेळा सरकलो मी. हा पाय, तो पाय. काही केल्याबिगर होते माझं हे. ह्याचं काहीच दुसऱ्याला देता येत न्हाई.
हॉर्न.
जीपचा न्हाई. लांब, घोगरा. मला माहीत आहे हा कोणाचा. पिशवी दारात.
दादा उठला कोपरावर, वळला, कूस बदलली. "कोणाची सुटली?"
मी दारात जाऊन उभा राह्यलो.
त्यानं आरसा ओढून घेतला. तिरपा धरला. मग आणखी तिरपा. बोटानं स्वतःच दाबून पाहून राहिला, ओठ हलवत, शिटा मोजतो तसा.
"गज्या, मधात पांढरं होऊन राहिलं का हे? इकडं ये, उजेड अडला."
परत हॉर्न.