ट्रेसीच्या जहाजावर

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

ठरलं! बुकिंग करून टाकलं. १९ ते २६ डिसेंबर, डॅन्यूब नदी, बुडापेस्ट ते पासाऊ. आठ दिवस जहाजावर, आणि वाटेतल्या प्रत्येक गावात नाताळचा बाजार. सगळ्यात खालच्या मजल्यावरची केबिन मिळाली, खिडकी अगदी पाण्याला टेकलेली. चालेल.

फेलिक्सला संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं भांडेल. एसी बावीसवर नेला तरी मफलर शोधणारा नवरा माझा! बुकिंगचा कागद हातात घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला. "युरोपात? डिसेंबरात?" एवढंच. मग म्हणाला, "बरं. तू ठरवलंस ना." एकोणतीस वर्षांच्या संसारात इतक्या लवकर तो कशालाच कबूल झाला नव्हता. हॉटेलातून रिटायर झाल्यापासून मऊ पडलाय.

खरं कारण त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. इथे लिहिते. त्या जहाजाच्या डायनिंग रूममध्ये आमची ट्रेसी वेट्रेस आहे.

६ ऑक्टोबर

काल पुढे लिहवेना. आज लिहिते.

दोन वर्षं झाली. ट्रेसी इथे आखातातल्याच एका बँकेत होती. चांगली खुर्ची, चांगला पगार, सगळं जागच्या जागी. एक दिवस राजीनामा देऊन घरी आली. म्हणे नदीवरच्या क्रूझवर नोकरी मिळाली, डायनिंगमध्ये! त्या संध्याकाळी मनखूलच्या आमच्या या हॉलमध्ये जे बोललं गेलं ते नको होतं. प्लेटाच उचलायच्या होत्या तर शिकवलं कशाला, असं म्हटलं गेलं. बाप तीस वर्षं लोकांच्या खरकट्यापुढे वाकला तो याचसाठी का, हेही. आणि शेवटी — गेलीस तर या घरात तुझं नाव निघणार नाही.

ती गेली. आणि खरंच, फेलिक्सने त्या दिवसापासून माझ्यासमोर तिचं नाव काढलेलं नाही. एकदाही नाही! गेल्या नाताळला मी तिचा फर्स्ट कम्युनियनचा फोटो पुसत होते, तर उठून बाल्कनीत गेला. असला हट्टी.

मला ती वाढदिवसाला मेसेज करते, "हॅपी बर्थडे मम्मी." मी "थँक्स, गॉड ब्लेस" लिहिते. आई-मुलीचं सध्या एवढंच. मीही बापाच्याच बाजूची, असं तिला वाटत असणार.

जहाजाचं नाव कॅमिलाकडून कळलं. कॅमिला म्हणजे फेलिक्सची बहीण, वसईला असते. ट्रेसी तिच्याशी बोलते. "वहिनी, पोरगी यंदाही नाताळ जहाजावरच करणार," म्हणाली आणि माझं डोकं चालू झालं. बापलेकीला एका जहाजावर कोंडायचं. आठ दिवस. जातील कुठे? चारी बाजूंना पाणी!

१४ ऑक्टोबर

अडलं. माझा इथला रेसिडेन्स व्हिसा फेब्रुवारीत संपतो. शेंगेनवाल्यांना, म्हणजे युरोपच्या व्हिसावाल्यांना, परतीनंतर तीन महिने शिल्लक हवेत. म्हणजे आधी माझा रिन्यू, मग फेलिक्सचा. तो आता माझ्याच व्हिसावर आहे, मी त्याची स्पॉन्सर.

ऑफिसात सरकारी कागदांचं सगळं शैलेंद्र बघतो. म्हणाला, "मॅडम, इतनी जल्दी क्यों? जनवरी में आराम से करेंगे, इन्शाल्ला."

मी म्हटलं, "इन्शाल्ला नहीं शैलेंद्र, कल सुबह."

पाठीमागे मला 'यल्ला मॅडम', म्हणजे 'चला-चला मॅडम', म्हणतात ते माहीत आहे. म्हणोत.

१६ ऑक्टोबर

मेडिकल झालं. रक्त दिलं, एक्स-रे दिला. यल्ला!

२९ ऑक्टोबर

दोघांचे रेसिडेन्स झाले. आज शेंगेनची फाइल लावली. नवरा माझ्या व्हिसावर, म्हणून त्याच्यासाठी एनओसी मला द्यावी लागते — माझ्या पतीने हा प्रवास करण्यास माझी काहीही हरकत नाही. खाली माझी सही. फेलिक्सला वाचून दाखवली तर पोट धरून हसला. "नोरा, तुझी हरकत नाही हे लेखी पहिल्यांदाच मिळतंय. फ्रेम करून लावतो."

चावट! पण बऱ्याच दिवसांनी असा हसला. बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

शोभनाला सांगून टाकलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. शोभना खालच्या मजल्यावरची, पुण्याची, वीस वर्षांपासूनची मैत्रीण. वाटलं होतं शाबासकी देईल.

"अगं, आणि दोघांनी तोंडं फिरवली तर? तू आठ दिवस नदी बघत बसणार?"

"नाही फिरवणार."

"मुलीला विचारलंस तरी का?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"नोरा, तू सरप्राइज देत नाहीयेस. तू धाड घालत्येस."

राग आला. चहा अर्धा ठेवून वर निघून आले. हिचा मुलगा तन्मय रोज रात्री कॅनडातून फोन करतो. हिला काय कळणार!

१८ नोव्हेंबर

व्हिसा आला! दोघांचा!! पासपोर्ट उघडून तीनदा बघितला. फेलिक्सने स्वतः होऊन कोलाची बाटली फोडली.

३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाली आणि फेलिक्सच्या जुन्या हॉटेलातून फोन. मरीनातलं हॉटेल, तिथे दर वर्षी पूलच्या कडेला नाताळचा बाजार मांडतात. लाकडी टपऱ्या, दिवे, फोमचा बर्फ उडवणारं मशीन. ते मशीन नव्या पोरांना चालेना, म्हणून रिटायर्ड माणसाला बोलावणं! हा गेलाही. घामाघूम होऊन आला, भुवयांवर फोम.

या नोकरीत अठरा वर्षं हेच चाललं. हॉटेलात डिसेंबरभर कुणाला रजा नाही. पाहुण्यांचा नाताळ मांडायचा, वाढायचा, उचलायचा. इथे मी आणि ट्रेसी, टेबलावर तीन ताटं. "डॅडी कधी येणार?" दर वर्षी तोच प्रश्न. लहानपणी ती रुसून उपाशी झोपायची. मी त्या हॉटेलाला, त्या कोटाला, त्या पांढऱ्या हातमोज्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचे. आणि नेमका तोच धंदा पोरीने निवडला! कळत नाही. अजून कळत नाही मला.

असो. यंदा तीन ताटं एका टेबलावर येणार. मी आणणार.

१२ डिसेंबर

बॅगा भरल्या. थर्मल, हातमोजे, ढीगभर मोजे. फेलिक्सने वसईची सुकेळी, सुकवलेली केळी, चार पाकिटं भरली. "एवढी कशाला?" "थंडीत चांगली." ठेव बाबा.

शोभना म्हणाली तेच जर झालं तर? नाही. होणार नाही. मी आहे ना तिथे.

१९ डिसेंबर, बुडापेस्ट

जहाजावर आलो. तीन डिग्री! नाक आहे की गेलं, कळत नाही.

जेवायला गेलो. टेबल नंबर अकरा. माझी पाठ दाराकडे होती आणि मागून आवाज आला, "गुड इव्हनिंग मम्मी. गुड इव्हनिंग डॅड."

ट्रेसी. केस घट्ट बांधलेले, पांढरा शर्ट, डाव्या हातावर तीन प्लेटा. गालांवर रंग आहे. खांदे भरलेत. माझे डोळे भरले, काही दिसेना. ती अजिबात दचकली नाही. पाहुण्यांची यादी वाचली असणार.

"सूप ऑर सॅलड?" तिने विचारलं.

मी फेलिक्सकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता.

"सूप," म्हणाला.

सूप! दोन वर्षांनी पोरीचं तोंड दिसलं आणि बाप म्हणतो सूप! टेबलाखालून पाय दाबला, तर आणखी ब्रेड मागितला.

केबिनमध्ये आल्यावर वाट बघत बसले. आता विचारेल, ती इथे कशी, तुला माहीत होतं का, मला फसवलंस का. उत्तरं तयार होती माझी. तो म्हणाला, "प्लेटा छान धरते." आणि घोरायला लागला.

२१ डिसेंबर, ब्रातिस्लाव्हा

दोन दिवस नुसतं "मोर वॉटर?" आणि "आर यू डन विथ धिस?" असं नाही चालणार.

आज सरळ जहाजावरच्या हॉटेल मॅनेजरकडे गेले. म्हटलं, चोवीसच्या जेवणाला माझ्या मुलीला आमच्या टेबलावर बसू द्या. भला माणूस, पण नाही म्हणाला. स्टाफने पाहुण्यांबरोबर बसायचं नाही, कंपनीचा नियम.

फेलिक्सला सांगितलं तर उलट माझ्यावरच! "नोरा, हाच नियम मी अठरा वर्षं पोरांना पाळायला लावला. तू तिला अडचणीत आणशील."

"ती स्टाफ नाही, मुलगी आहे!"

"युनिफॉर्म घातलाय तोवर स्टाफच. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही." हे जरा जोरात म्हणाला. मला का ऐकवतो कळलं नाही. लाज मला वाटते असं कोण म्हणालं?

एक चांगलं झालं. दुपारी ट्रेसीने वाकून त्याला विचारलं, "हाऊज द बॅक, डॅड?" त्याची पाठ धरली जूनमध्ये. कॅमिलाने सांगितलं असणार. पण विचारलं तरी! बर्फ वितळतोय.

२२ डिसेंबर, व्हिएन्ना

बाजार बघितला. किती मोठा! काचेचे गोळे, मेणबत्त्या, भाजलेले चेस्टनट, गरम वाइनचा वास, माणसांची ही गर्दी. आणि बर्फ? नावाला नाही. पाऊस आणि चिखल. फेलिक्स धंद्याच्या नजरेने सगळं तपासत होता. टपऱ्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. "आमचा फोम परवडला," म्हणाला.

ट्रेसीला दोन तास सुट्टी होती. मी आधीच मेसेज टाकून ठेवला होता, डॅडीला भेट, बाजाराच्या मोठ्या कमानीपाशी. ती आली आणि मी डोकं दुखतंय म्हणून जहाजवाल्यांनी आणलेल्या बसमध्ये जाऊन बसले. दोघंच राहू देत. भांडतील, रडतील, पण बोलतील.

काचेतून दिसत होते. भांडण नाही, रडणं नाही. ती काहीतरी सांगत होती, हा हातवारे करत होता. मग दोघंही हसायला लागले. हसत हसत ती त्याच्या खांद्यावर टेकली.

इतक्या पटकन?

आनंद झाला. खूप झाला. हेच तर हवं होतं मला. फक्त एवढंच, की बसमध्ये मी एकटी होते आणि त्यांच्यातल्या कुणीही वळून बघितलं नाही.

२३ डिसेंबर

झालं काम. देवाचे आभार. फेलिक्स सकाळपासून शीळ घालतोय.

२४ डिसेंबर, दुपार

मघाशी डायनिंग रूममध्ये गेले होते. ट्रेसी एकटीच नॅपकिनच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "बघ, आणलं की नाही तुझ्या डॅडीला! गेला ना राग त्यांचा?"

तिचे हात थांबले. म्हणाली, "मम्मी, डॅड वॉज नेव्हर अँग्री. डॅड कॉल्स मी एव्हरी वीक. डॅड न्यू धिस वॉज माय शिप." दर आठवड्याला फोन! जहाजही त्याला आधीच माहीत!

मग एकदम हळू, "इट वॉज यू, मम्मी."

केबिनमध्ये येऊन बसले. ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवून बघितली. फेलिक्स कुठे उभा होता, काय म्हणाला. फेलिक्स घरी नव्हताच. हॉटेलात ड्यूटीवर होता. हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो.

ती पाच वाजता टेबलं लावायला येते. माफी मागायची मला सवय नाही. पावणेपाचला जाऊन दारात उभी राहणार.